जुन्या कॅसेट डिजिटल करायच्यात, कोणतं कॅप्चर कार्ड घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरच्या ट्रंकेत लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेट पडून असतात आणि एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘हे सगळं पेन ड्राइव्हवर घ्यायला हवं.’ मग शोध सुरू होतो तो थेट कॅप्चर कार्डाचा, म्हणजे कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाचा. खरं तर कार्ड ही साखळीतली शेवटची कडी आहे. कॅसेट कोणत्या जातीची, ती वाजवणारं यंत्र किती निरोगी आणि त्यातून निघणारा सिग्नल किती स्थिर, यावर निकाल बराचसा ठरून गेलेला असतो. म्हणून इथले प्रश्न कॅसेटपासून सुरू होतात.

माझ्याकडची कॅसेट कोणती, हे कसं ओळखू?

पट्टी घेऊन मोजा. साधारण १९ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद, म्हणजे छोट्या पुस्तकाएवढी असेल तर ती व्हीएचएस. साडेनऊ सेंटिमीटर लांबीची, जुन्या गाण्यांच्या कॅसेटहून किंचित लहान पण जाड, ती ८ मिलिमीटरवाली. तिच्यात व्हिडिओ८, हाय८ आणि डिजिटल८ असे तीन प्रकार एकाच आकाराच्या डबीत येतात. डबीवर हाय८ लिहिलं म्हणून आत हाय८च असेल असं नाही, कारण डिजिटल८चे हँडीकॅम त्याच कॅसेटवर डिजिटल रेकॉर्डिंग करत. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, सुमारे साडेसहा सेंटिमीटरची, ती मिनीडीव्ही.

एक गैरसमज लगेच दूर करतो. ८ मिलिमीटरची कॅसेट व्हीएचएसमध्ये बसवायचा अडॅप्टर अस्तित्वातच नाही. फिती वेगळ्या, रुंदी वेगळी, सिग्नल वेगळा. अडॅप्टर मिळतो तो व्हीएचएस-सीचा, कारण त्या छोट्या डबीत तीच अर्ध्या इंचाची व्हीएचएस फीत असते. त्यातले मोटरवाले अडॅप्टर एका सेलवर चालतात. सेल उतरला की फीत आत येत नाही आणि लोक व्हीसीआर बिघडला समजतात.

कॅमेरा मेमरी कार्डावर किंवा हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारा असेल तर कॅप्चरचा प्रश्नच नाही. फाइली आहेत तशा कॉपी करा.

मिनीडीव्हीसाठी कोणतं कॅप्चर कार्ड चांगलं?

कोणतंच नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. मिनीडीव्हीवरचं चित्र फितीवर आधीच आकड्यांच्या रूपात आहे. ते फायरवायरच्या तारेतून जसंच्या तसं उचलायचं असतं. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याच जोडणीला आय-लिंक लिहिलेलं असतं, इतरत्र डीव्ही. हाच कॅमेरा पिवळ्या पिनेने कॅप्चर कार्डाला जोडलात तर डिजिटलचं अ‍ॅनालॉग आणि पुन्हा डिजिटल असा उलटा प्रवास होतो. रंग फिके पडतात, कडा मऊ होतात, शूटिंगची मूळ तारीख आणि टाइमकोडही हरवतात.

या कॅमेऱ्यांवर यूएसबीचंही भोक असतं. त्याला भुलू नका. बहुतेक मॉडेलांत ते मेमरी कार्डावरचे फोटो काढायला किंवा वेबकॅमसारखं बारीक चित्र पाठवायला दिलेलं आहे.

डेस्कटॉपला पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारं साधं फायरवायर कार्ड लावा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची किंवा व्हीआयएची चिप असलेलं बघा. कॅमेऱ्याच्या बाजूला ४ पिनांचं छोटं टोक आणि कार्डाच्या बाजूला ६ पिनांचं, अशी तार लागते. विंडोज १० किंवा ११ वर कॅमेरा दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन १३९४ कंट्रोलरला ‘लेगसी’ ड्रायव्हर द्यावा लागतो. बाजारात ‘यूएसबी ते फायरवायर’ अशी तार मिळते. ती नुसती तारेला तार जोडलेली असते, दोन भाषांमधला दुभाषा तिच्यात नसतो. ती चालत नाही.

तार लावताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. ६ पिनांच्या टोकातून वीजही वाहते. ते उलटं दाबून बसवलं गेलं तर कॅमेऱ्याचा पोर्ट कायमचा जातो, आणि त्याचा सुटा भाग आता मिळणं कठीण.

विनडीव्ही हा जुना, चिमुकला प्रोग्रॅम अजून उत्तम काम करतो. तासाला साधारण १३ जीबी जागा धरा. चित्रात चौकटी-चौकटी उमटत असतील तर फीत किंवा ती वाचणारं हेड मळलेलं आहे; साफ करून तेवढा भाग पुन्हा घ्या. दोन वेळच्या कॅप्चरमध्ये चुका वेगवेगळ्या जागी येतात, त्यामुळे दोन्हींमधले चांगले तुकडे जोडता येतात.

हाय८ आणि डिजिटल८चं काय?

डिजिटल८ मिनीडीव्हीसारखंच, फायरवायरने घ्या. हाय८ अ‍ॅनालॉग आहे, पण सोनीच्या काही डिजिटल८ हँडीकॅममध्ये जुन्या हाय८ आणि व्हिडिओ८ कॅसेटही वाजतात आणि चित्र थेट फायरवायरमधून बाहेर पडतं. सगळ्या मॉडेलांत ही सोय नाही, म्हणून सेकंडहँड घेताना मॅन्युअलमध्ये ती लिहिली आहे का ते वाचा. असा कॅमेरा मिळाला तर तो कॅप्चर कार्डापेक्षा सरस ठरतो.

तसा कॅमेरा नसेल तर हाय८ नेहमी एस-व्हिडिओच्या गोल, ४ पिनांच्या तारेने घ्या. पिवळ्या पिनेत उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, ते वेगळे करताना गडद रंगांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखं दिसतं. एस-व्हिडिओत दोन्ही वेगळे जातात. आवाजासाठी पांढरी-लाल पिन तरीही लागते.

व्हीएचएससाठी कार्ड निवडताना नेमकं काय बघायचं?

व्हीएचएसवर चित्राचा तपशील मुळात कमी असतो, आडवी सुमारे २४० रेषांची स्पष्टता. त्यामुळे ‘४के’, ‘फुल एचडी’ असे खोक्यावरचे शब्द इथे निरुपयोगी आहेत. पाहायचं ते हे.

कार्ड ‘पाल’ पद्धतीत पूर्ण ७२०×५७६ चित्र देतं का? भारतातल्या घरगुती कॅसेट पाल आहेत: सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० अर्ध्या फ्रेम, ज्यांना फील्ड म्हणतात. ६४०×४८० वर थांबणारं कार्ड उभे ५७६ ओळींचं चित्र आवळून टाकतं, आणि आवळताना दोन फील्ड एकमेकांत मिसळतात. मिसळलेलं पुन्हा सुटं होत नाही.

कार्ड न दाबलेलं चित्र देतं का? कॅप्चर प्रोग्रॅममध्ये ‘वाययूवाय२’ हा रंगाचा पर्याय दिसला पाहिजे. काही स्वस्त डोंगलमध्ये, म्हणजे यूएसबीला लागणाऱ्या छोट्या कार्डांत, चिप स्वतःच चित्र एमजेपेगमध्ये दाबून पाठवते. कॅसेटची खरखर आणि एमजेपेगचे चौकोन एकत्र आले की पुढे कुठलीही सफाई नीट होत नाही.

एस-व्हिडिओ इनपुट आहे का, आवाज त्याच कार्डातून येतो का, आणि तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर आजही मिळतो का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ड्रायव्हर नसलेलं उत्तम कार्ड म्हणजे कागदावर ठेवायचं वजन.

ही सगळी उत्तरं ‘हो’ येणाऱ्यांत जपानी आय-ओ डेटाचं जीव्ही-यूएसबी२ आणि हॉपॉजचं यूएसबी-लाइव्ह२ ही नावं जाणकारांत पुन्हा पुन्हा निघतात. कॅनोपसचं एडीव्हीसी-११० जुनं आहे आणि फायरवायर मागतं, पण आवाज आणि चित्र एकाच घड्याळावर बांधून देतं, म्हणून लांबलचक कॅसेटसाठी फार भरवशाचं. ते चित्र डीव्हीमध्ये थोडं दाबतं. पाल व्हीएचएससाठी तो तोटा सहन करण्याजोगा आहे.

यूएसबी ३ हवंच का? नाही. हिशेब सोपा आहे: ७२० गुणिले ५७६, दर ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम. झाले सुमारे २१ एमबी प्रतिसेकंद. यूएसबी २ ला हे झेपतं, अट एवढीच की डोंगल हबवर नको, थेट कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या पोर्टात हवं.

काही शे रुपयांत मिळणारं डोंगल चालणारच नाही का?

चालेल, पण नशिबावर. एकाच रंगाच्या, एकाच छापाच्या डबीत वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिप घातलेल्या असतात, म्हणून शेजाऱ्याला लागलेलं तुम्हाला लागेल याची खात्री नाही. सोबत आलेल्या सीडीतला ड्रायव्हर भलत्याच चिपचा निघणं ही नेहमीची गोष्ट. त्यांचे ठरलेले दोष असे: पांढरा रंग फाटतो, नवरीच्या साडीची जर आणि मागची भिंत एकच पांढरा डाग होते, आवाज फक्त डावीकडून येतो, तासाभराने आवाज चित्राच्या मागे पडतो. तासाभराहून लांब तुकडा घेऊन या तीन गोष्टी तपासा, आणि नापास झालं तर परत करा.

गेम रेकॉर्ड करायचं एचडीएमआय कार्ड घरात आहे. व्हीसीआरला एव्ही-ते-एचडीएमआय डबी लावून तेच वापरू का?

तात्पुरतं बघायला ठीक, जतन करायला नको. ती छोटी डबी तीन नुकसानं एकदम करते. इंटरलेस्ड, म्हणजे दोन फील्ड विणलेलं, चित्र घाईघाईने सपाट करते, ते ताणून ७२० किंवा १०८० ओळींचं करते आणि बऱ्याचदा ५० चं ६० करून बाहेर टाकते. मग वरात चालताना दर काही पावलांनी अडखळल्यासारखी दिसते. वर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं जातं आणि सगळे जाड दिसतात.

एचडीएमआय कार्ड त्याच्या जागी चांगलं आहे: कॅमेऱ्यातून थेट रेकॉर्डिंग, नाटकाच्या तालमीचं शूटिंग, ऑनलाइन वर्ग. तिथे मात्र यूएसबी ३ बघाच. १०८० ओळींचं ६० फ्रेमचं न दाबलेलं चित्र सेकंदाला सुमारे २५० एमबी होतं, ते यूएसबी २ मध्ये मावत नाही. म्हणून स्वस्त यूएसबी २ डोंगल खोक्यावर ४के लिहितात, आत घेतातही, पण बाहेर देतात ते दाबलेलं आणि लहान केलेलं. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर काळा पडदा येतो तो कार्डाचा दोष नाही. एचडीसीपी नावाचं कुलूप आहे, आणि ते तिथे असायचंच.

चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकडा होतो, मधेच फ्रेम गळतात. दुसरं कार्ड घेऊ?

थांबा, कार्ड बदलून हे जाणार नाही. व्हीसीआरची फीत मोटरच्या आणि रबराच्या बळावर सरकते, तिचा वेग क्षणोक्षणी केसभर इकडेतिकडे होतो. त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ ठरल्या वेळेच्या थोडी आधी किंवा नंतर सुरू होते. जुन्या काचेच्या टीव्हीला हे चालायचं, तो सिग्नलच्या मागे मागे जायचा. कॅप्चर कार्ड घड्याळ लावून बसलेलं असतं. ओळ उशिरा आली की कडा नागमोडी दिसते. अख्खी फ्रेमच वेळेवर आली नाही तर कार्ड ती टाकून देतं.

यावरचा उपाय म्हणजे टीबीसी, टाइम बेस करेक्टर. तो प्रत्येक ओळ क्षणभर साठवून पुन्हा वेळेवर सोडतो. स्वतंत्र टीबीसी दुर्मीळ आणि महाग. मधला मार्ग दोन तऱ्हांचा. जेव्हीसीच्या काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. किंवा व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर ठेवायचा, डिस्क न घालता, फक्त सिग्नल आत घेऊन बाहेर सोडण्यासाठी. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ या कामासाठी नावाजलेले आहेत, वाकडा वरचा भाग ते बऱ्यापैकी सरळ करतात. मात्र साधा डीव्हीडी प्लेअर चालत नाही. इनपुट असलेला रेकॉर्डरच हवा.

खर्च करण्याआधी व्हीसीआरचं ट्रॅकिंग हाताने फिरवून बघा, आणि कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या. वीस वर्षं एकाच स्थितीत पडलेली फीत कुठे सैल, कुठे घट्ट बसलेली असते. एवढ्याने अर्धा वाकडेपणा जातो.

चित्राच्या अगदी तळाशी आठ-दहा ओळींची जी थरथर दिसते, ती मात्र प्रत्येक व्हीएचएसवर असते. एक हेड सोडून दुसरं हेड वाचायला घेतं ती जागा ती. टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची. एडिटिंगमध्ये तेवढ्यावर काळी पट्टी टाका.

व्हीसीआर कुठून आणायचा, आणि साफ कसा करायचा?

नवा मिळणार नाही. शेवटची निर्माती कंपनी फुनाई हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे नातेवाइकांकडचा, भंगार बाजारातला किंवा जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडचा शोधावा लागतो. फक्त वाजवणारा व्हीसीपीही चालतो. घेताना नको असलेली कॅसेट सोबत न्या. पाच मिनिटं वाजवा, पुढे-मागे करा, बाहेर काढा आणि फितीची कड बघा. कड चुरगळलेली दिसली तर ते यंत्र घेऊ नका, मग चित्र कितीही छान असो.

सफाईसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची काडी लागते. प्लग काढा, झाकण उघडा. तिरका बसवलेला चकचकीत स्टीलचा डमरू दिसेल, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या कडेला तांदळाच्या कणीहून बारीक खाचा आहेत, त्या खाचांमध्ये हेड असतं. ओली काडी ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून तिथेच धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रमचा वरचा भाग सावकाश फिरवायचा. काडी हलवायची नाही, वर-खाली तर मुळीच नाही. एका उभ्या फटक्याने हेड तुटतं. कान कोरायच्या कापसाच्या काडीचा धागा त्या खाचेत अडकतो, म्हणून ती वापरू नका. काडीवर काळपट-तपकिरी रेघ उमटली की समजायचं, पडद्यावरचा पाऊस कुठून येत होता. पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या, मग कॅसेट घाला. पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका. प्लग काढल्यावरही तिथे वीज साठलेली असते.

कॅसेटवर पांढरे ठिपके दिसतात. लावून बघू का?

अजिबात लावू नका. ती बुरशी आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार महिन्यांच्या दमटपणात बंद कपाटातल्या कॅसेटला ती हमखास धरते. कॅसेट उजेडात तिरकी धरून खिडकीतून आतल्या गुंडाळीकडे बघा. निरोगी गुंडाळी काळी, गुळगुळीत, आरशासारखी चमकते. बुरशी असेल तर तिच्यावर पीठ भुरभुरल्यासारखा थर किंवा कडेने फुलं-फुलं दिसतात. ती व्हीसीआरमध्ये गेली की हेडवर चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते.

अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, सिलिका जेलसोबत दोन-तीन आठवडे कोरडी होऊ द्या. ओली बुरशी पसरते, वाळलेली झडते. नंतर मास्क लावून, घराबाहेर, ती फीत साफ करावी लागते. या कामाला एक वेगळा, टाकाऊ व्हीसीआर ठेवतात, ज्याचा उपयोग फक्त फीत फिरवायला. अनुभव नसेल तर एवढी एक कॅसेट जाणकाराकडे द्या. पाऊस असताना तर कुठलीच कॅसेट उघडू नका. डिसेंबर ते मार्च हा काळ सगळ्यात चांगला.

आणखी एक, कॅसेट लावण्याआधीच करायचं: पाठीमागच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा तोडून टाका. तो असेपर्यंत चुकून रेकॉर्ड दाबलं जाऊ शकतं. मिनीडीव्हीला त्याऐवजी सरकती कळ असते.

कॅप्चर करताना सेटिंग काय ठेवू?

व्हर्च्युअलडब मोफत आहे आणि या कामाला योग्य. कॅप्चर मोडमध्ये कार्ड निवडा. पद्धत पाल-बी, आकार ७२०×५७६, रंग वाययूवाय२, २५ फ्रेम. इनपुट कंपोझिट (पिवळी पिन) की एस-व्हिडिओ, हे तार बघून ठरवा. चुकीचं ठेवलं तर चित्र काळं किंवा कृष्णधवल येतं. कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) हफवाययूव्ही, कारण त्यात काहीही गमावलं जात नाही आणि जुना कॉम्प्युटरही दमत नाही. आवाज ४८,००० हर्ट्झ, १६ बिट, न दाबलेला.

मग हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, चालू करून कॅसेटमधला सगळ्यात उजळ प्रसंग लावा. बहुतेक लग्नांत तो हॅलोजनच्या झोतात स्टेजवर सापडतो. दोन्ही टोकांच्या लाल पट्ट्यांत आलेख घुसत असेल तर ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट कमी करा. इथे फाटलेला पांढरा रंग पुढे परत येत नाही, म्हणून थोडं मंद घेतलेलं परवडतं. ‘डीइंटरलेस’ लिहिलेला प्रत्येक पर्याय बंद ठेवा.

हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉर्मॅट केलेली हवी. फॅट३२ वर ४ जीबीला फाइल अडते. कॅप्चर चालू असताना वायफाय, अँटिव्हायरसचं स्कॅन आणि स्क्रीनसेव्हर बंद ठेवा, आणि लॅपटॉपवर दुसरं काही करू नका. खाली गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. तीन तासांत दोन-चार चालतील, पण दर मिनिटाला वाढत असेल तर थांबवून कारण शोधा.

ओबीएस हे सॉफ्टवेअरही चालतं आणि समजायला सोपं आहे, पण ते मूळचं थेट प्रक्षेपणासाठी बनलेलं. ते चित्र इंटरलेस्ड ठेवत नाही. एखाददुसरी कॅसेट मोबाइलवर बघण्यापुरती हवी असेल तर ओबीएस वापरा.

आवाज मागेपुढे होतो, किंवा घुंऽऽ असा येतो. का?

मागेपुढे होण्याचं मुख्य कारण दोन घड्याळं. चित्र कार्डाच्या घड्याळावर आणि आवाज कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाच्या घड्याळावर चालला की तीन तासांत फरक साचत जातो. म्हणून आवाज कॅप्चर कार्डातूनच घ्या. दुसरं कारण गळलेल्या फ्रेम. फरक हळूहळू, एकसारखा वाढत असेल तर घड्याळाचा दोष. एका जागी उडी मारून मग तसाच राहत असेल तर तिथे फ्रेम गळल्यात. जुळणी तपासायला बोलणारे चेहरे घेऊ नका. ताशावर टिपरू पडतं ती जागा शोधा, एकदा कॅसेटच्या सुरुवातीला आणि एकदा शेवटी.

घुंऽऽ हा अर्थिंगचा आवाज, ५० हर्ट्झचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, व्हीसीआरला केबल टीव्हीची तार लागलेली असेल तर ती काढा. बहुतेक वेळा तेवढ्यावर शांत होतं.

हँडीकॅमची ३.५ मिलिमीटरची एव्ही तार बाहेरून सगळी सारखी दिसते, पण आतल्या कड्यांचा क्रम कंपनीगणिक वेगळा. चित्राऐवजी खरखर आणि आवाजात भुणभुण आली तर पिवळी, पांढरी, लाल अदलून-बदलून बघा. यातून काही जळत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट इथे नीट दिसत नाही.

ती एनटीएससी आहे: ५२५ ओळी, सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपल्याकडच्या बऱ्याच व्हीसीआरवर ‘एनटीएससी प्लेबॅक’ लिहिलेलं असतं, पण ते बाहेर देतात तो संकर असतो, पाल-६०. कार्ड पालवर ठेवलं तर चित्र वर-वर पळतं, एनटीएससीवर ठेवलं तर स्थिर होतं पण रंग उडतात. कार्डाच्या यादीत ‘पाल-६०’ किंवा ‘एनटीएससी ४.४३’ असेल तर ते लावा. नसेल तर खरा एनटीएससी व्हीसीआर हवा, आणि तो ११० व्होल्टचा असला तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय भिंतीत खुपसू नका. कॅप्चरचा आकार ७२०×४८०. उलट बाजूने, न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात बसून इथली लग्नाची कॅसेट डिजिटल करणाऱ्याला पाल व्हीसीआरची तजवीज करावी लागते.

हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. कॅप्चर बिघडलं?

नाही, ते बरोबर झाल्याची खूण आहे. एका फ्रेममध्ये एकपन्नासांश सेकंदाच्या अंतराने टिपलेले दोन वेगळे क्षण एकाआड एक ओळींत विणलेले असतात. मूळ फाइल तशीच ठेवा. बघण्यासाठीची प्रत बनवताना हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेसला बीडब्ल्यूडीआयएफ आणि प्रीसेट बॉब निवडा. त्यातून ५० पूर्ण फ्रेम निघतात आणि हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी मऊ राहते. आकाराचं प्रमाण ४:३ नोंदवायला विसरू नका, नाहीतर माणसं किंचित बारीक दिसतात.

किती जागा लागेल?

न दाबलेलं चित्र तासाला सुमारे ७५ जीबी, हफवाययूव्हीत साधारण ३० ते ४०, आणि ८ मेगाबिटच्या एच.२६४ मध्ये साडेतीन जीबीच्या आसपास. ई-१८० कॅसेट पूर्ण भरलेली असेल तर तीन तास धरा. सगळ्याच कॅसेटच्या हफवाययूव्ही फाइली ठेवणं परवडत नसेल तर महत्त्वाच्यांच्या ठेवा, बाकीच्यांचं इंटरलेस्ड एच.२६४ चढ्या बिटरेटवर करा. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवर भरवसा ठेवू नका. रंगाचा थर काही वर्षांत उतरतो.

एआयने एचडी करून मिळेल का?

फितीवर नसलेला तपशील तो कल्पनेने भरतो. झाडं-इमारतींना ते खपतं. आजीचा चेहरा मात्र तो दुसऱ्याच कुणाचा करून टाकतो, डोळे गुळगुळीत, सुरकुत्या गायब. करायचंच तर वेगळ्या प्रतीवर करा.

विकतची सिनेमाची कॅसेट लावली तर चित्र मधेच अंधारतं, मधेच उजळतं.

मॅक्रोव्हिजन, कॉपी रोखण्यासाठी मुद्दाम घातलेला सिग्नल. अशा कॅसेटवर वेळ घालवू नका. तो सिनेमा आज अधिकृतपणे, जास्त चांगल्या दर्जात मिळण्याची शक्यता आहे. घरच्या शूटिंगची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. घरच्याच कॅसेटवर असं झालं तर कमजोर सिग्नलमुळे कार्डाचा गैरसमज झालेला असतो, मधे डीव्हीडी रेकॉर्डर ठेवून बघा.

माझ्याकडे मॅक आहे.

अ‍ॅनालॉग कॅसेटसाठी मॅकचा ड्रायव्हर असलेलं कार्ड शोधा, नाहीतर जुना विंडोज लॅपटॉप उसना घ्या, तेच सोपं. मिनीडीव्हीबाबत सावध राहा: मॅकओएस टाहोमध्ये फायरवायर काढून टाकलं आहे. जुना मॅक असेल तर तो अपडेट न करता याच कामासाठी बाजूला ठेवा.

हे सगळं दुकानात करून घेतलं तर काय सांगायचं?

‘डीव्हीडी नको, फाइल हवी. पाल, ७२०×५७६, इंटरलेस्ड, लोगो आणि मागे गाणी न घालता.’ गाण्यांचं नीट बजावून सांगा, कारण त्याखाली मंगलाष्टका म्हणणाऱ्या आत्याचा आवाज कायमचा पुसला जातो. मिनीडीव्ही असेल तर फायरवायरने घेणार का, हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पिशवी उचलून दुसरीकडे जा. आधी एकच, सगळ्यात कमी महत्त्वाची कॅसेट द्या.

फाइल हातात आली की पूर्ण बघा, नुसती पुढे ढकलत नको. कॅसेटच्या शेवटच्या वीस मिनिटांत काय होतं ते बहुतेकांना आठवत नसतं आणि ऑपरेटर तिथेच आधी बंद करतो. मूळ कॅसेट टाकू नका. डबीत उभी ठेवा, पूर्ण गुंडाळलेली, स्पीकर आणि लोखंडी कपाटाच्या चुंबकापासून लांब, डबीवर तारीख आणि ‘कॅप्चर झालं’ असं पेन्सिलने लिहून.